बाळ पोटात असताना त्याच्या किडनीचं भवितव्य सांगणारी चाचणी आहे का?

प्रश्न : मी सिन्नरला राहते. पहिलं बाळंतपण आहे, २२वा आठवडा चालू आहे. अॅनॉमली स्कॅनमध्ये बाळाच्या दोन्ही किडन्यांना सूज दिसली. डावी ९ मिमी, उजवी ८ मिमी. बाकी रिपोर्टमध्ये ‘गर्भजल पुरेसे, मूत्राशय भरताना व रिकामे होताना दिसले, किडनीचा कॉर्टेक्स सामान्य, मूत्रवाहिन्या फुगलेल्या नाहीत’ असं लिहिलं आहे. मिस्टरांनी इंटरनेटवर वाचलं की गर्भजलातल्या काही प्रथिनांवरून बाळाच्या किडन्या पुढे निकामी होणार का, ते आधीच कळतं. ती चाचणी नाशिकमध्ये होते का, की मुंबईला जावं? घरात काहीजण म्हणतात, नंतर आयुष्यभराचं दुखणं नको, आताच निर्णय घ्या. काय करावं?

उत्तर :

ताई, चाचणीचं नंतर सांगते, आधी तुमचा रिपोर्ट बघू. नाशिकमध्ये गर्भवैद्यकाचं काम करताना असा कागद हातात घेऊन घाबरलेली जोडपी मी सतत पाहते. त्यांची नजर त्या दोन आकड्यांवर खिळलेली असते आणि खालच्या चार ओळी कुणी वाचलेल्याच नसतात. त्या ओळी आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. तुमच्या बाळाच्या बाबतीत त्या चारही चांगल्या आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आज तुमच्या पोटात सुई घालून किडनीचं भविष्य शोधायची गरज नाही. त्या सुईतून जे काही उत्तर येईल, त्याने आपण पुढे जे करणार आहोत त्यात काहीही बदल होणार नाही.

आता ते आकडे. किडनीत तयार झालेली लघवी खाली उतरण्याआधी जिथे जमा होते, त्या जागेची रुंदी आपण मिलिमीटरमध्ये मोजतो. २८ आठवड्यांच्या आत ती ४ मिमीपेक्षा कमी आणि त्यानंतर ७ मिमीपेक्षा कमी असेल तर ती सामान्य धरतात. २८ आठवड्यांच्या आत ७ मिमी किंवा जास्त असेल तर बाळाला जास्त लक्ष द्यायच्या गटात टाकतात. तुमचं बाळ त्या गटात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका विश्लेषणात सौम्य सुजेच्या साधारण १२ टक्के, मध्यम सुजेच्या ४५ टक्के आणि तीव्र सुजेच्या ८८ टक्के बाळांत जन्मानंतर काही ना काही दोष सापडला होता. तुमचं बाळ मध्यम गटात बसतं. पण इथे ‘दोष’ म्हणजे किडनी निकामी होणं असं समजू नका. त्यात लघवी उलटी वर चढणं येतं, किडनी आणि मूत्रवाहिनीच्या जोडावरचं अरुंदपण येतं. यातलं बरंचसं नुसत्या देखरेखीवर निभावतं, काहींना एक शस्त्रक्रिया लागते, आणि ही मुलं शाळेत जातात, मैदानावर खेळतात. डायलिसिसपर्यंत जाणारी मुलं या गर्दीत फार थोडी असतात. ती थोडी आधीच ओळखता यावीत, यासाठीच बायोमार्करचा, म्हणजे लघवी, रक्त किंवा गर्भजलात मोजता येणाऱ्या खुणांचा, सगळा शोध चालू आहे.

हे काम इतकं अवघड का आहे, ते सांगते. मोठ्या माणसाची किडनी बघायची तर आपण रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, तपासतो. पोटातल्या बाळाला हे लागू पडत नाही, कारण त्याच्या रक्तातली घाण काढायचं काम वार करते. वारेतून क्रिएटिनिन सहज इकडून तिकडे जातं, त्यामुळे बाळाचं क्रिएटिनिन आईच्या बरोबरीचंच राहतं. दोन्ही किडन्या अजिबात नसलेलं बाळसुद्धा पोटात असेपर्यंत वजनाने वाढत राहू शकतं. म्हणूनच तुमच्या रक्ताच्या तपासणीतून बाळाच्या किडनीबद्दल काही कळत नाही. डबल मार्कर, क्वाड्रपल मार्कर, एनआयपीटी या तपासण्या मुख्यतः गुणसूत्रांच्या दोषांसाठी आहेत. त्या नॉर्मल आल्या म्हणजे किडनी नॉर्मल, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. एकच अपवाद ठाऊक असू द्या. जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ आजारात बाळाच्या लघवीतून गर्भजलात भरपूर प्रथिनं जातात आणि आईच्या रक्तातलं व गर्भजलातलं अल्फा फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन खूप वाढतं. वारही मोठी असते. पण त्या आजारात किडनीला तुमच्यासारखी सूज दिसणं हे लक्षण नाही, त्यामुळे तो विषय इथेच सोडते.

मग बाळाची किडनी काम करते की नाही, हे कळतं कशावरून? सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्कर म्हणजे बाळाभोवतीचं पाणी. साधारण दहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या किडन्या लघवी तयार करू लागतात, आणि सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. पाणी भरपूर आहे, याचा अर्थ निदान एक किडनी लघवी तयार करते आहे आणि तिला बाहेर पडायला वाट आहे. सोनोग्राफीत पाण्याची सगळ्यात खोल जागा २ सेंमीपेक्षा कमी झाली की आमच्या कपाळावर आठ्या येतात. सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या काळात पाणी नसेल तर आधी फुफ्फुसं खुरटतात, आणि अशा बाळाचा जन्मानंतरचा पहिला दिवस किडनीपेक्षा श्वासावर अवलंबून असतो. दोन्ही किडन्या खराब आणि पाणी कमी, हे चित्र जितकं लवकरच्या आठवड्यात दिसेल तितकं ते गंभीर. तुमच्याकडे २२व्या आठवड्यात पाणी पुरेसं आहे.

पाणी वाढावं म्हणून नारळपाणी पिऊ का, असं बायका हमखास विचारतात. आईने भरपूर पाणी प्यायल्याने गर्भजल थोडं वाढू शकतं, पण बाळाची किडनी लघवी तयार करत असेल तरच. नारळपाणी आवडत असेल तर जरूर प्या. मात्र गोळ्यांच्या बाबतीत कडक राहा. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर बाळाची लघवी आणि पर्यायाने गर्भजल कमी करू शकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या तर गरोदरपणात बाळाच्या किडनीला थेट इजा करतात. तुमच्या घरी कुणाला त्या चालू असतील आणि डोकं दुखलं म्हणून ‘बीपीची अर्धी घे’ असं कुणी सुचवलं, तर घेऊ नका. आईला आधीपासून मधुमेह असेल तर बाळात किडनीच्या रचनेचे दोष जास्त दिसतात, म्हणून साखरेची तपासणी राहिली असेल तर ती करून घ्या.

पाण्यानंतर सोनोग्राफीवर आम्ही बघतो तो किडनीचा मांसल भाग, म्हणजे कॉर्टेक्स: तो पातळ झाला आहे का, नेहमीपेक्षा पांढरट चमकतो का, त्यात बारीक पाण्याचे फोड आहेत का. फोड दिसले तर किडनी घडतानाच बिघडली असण्याची शक्यता बरीच असते. मग मूत्राशय. गंगापूर धरणाचा दरवाजा उघडलाच नाही तर फुगवटा मागे मागे सरकत शेतात शिरतो, तसं मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा असेल तर आधी मूत्राशय फुगतं, मग मूत्रवाहिन्या आणि शेवटी किडन्या. भिंती जाड झालेलं, कधीच रिकामं न होणारं मूत्राशय, दोन्हीकडे फुगलेल्या नळ्या आणि घटलेलं पाणी असं एकत्र दिसलं, तर आम्ही त्याच दिवशी फोन उचलतो. तुमच्या रिपोर्टमध्ये मूत्राशय रिकामं होताना दिसलं आहे.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. या अडथळ्याची कारणं एकाहून जास्त आहेत आणि त्यातली काही विशिष्ट लिंगाच्या बाळांतच होतात. लिंगनिदानबंदीचा कायदा १९९४ चा आहे आणि तो या आजारातही तितकाच लागू आहे. म्हणून रिपोर्टवर ‘मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा’ इतकंच लिहिलेलं असतं. त्यापलीकडे डॉक्टरांना आडून आडून विचारू नका. उपचार ठरवायला तेवढं वर्णन पुरतं.

आता बायोमार्करकडे येते. मूत्राशयाला अडथळा आहे, सूज मोठी आहे, आणि पोटातच नळी घालून वाट करून द्यावी का असा खराखुरा प्रश्न समोर आहे, तेव्हा आम्ही बाळाची लघवी तपासतो. सोनोग्राफीत बघत बारीक सुई आईच्या पोटातून बाळाच्या मूत्राशयात नेतात आणि ते पूर्ण रिकामं करतात. पहिला नमुना फारसा कामाचा नसतो, कारण ती साठून राहिलेली शिळी लघवी असते. २४ ते ४८ तासांनी मूत्राशय पुन्हा भरलं की दुसरा, शक्य असल्यास तिसरा नमुना घेतात. निरोगी गर्भाची लघवी पातळ असते. किडनीतल्या सूक्ष्म नलिका सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम, लहान प्रथिनं परत शोषून घेतात. त्या नलिका खराब झाल्या की हे सगळं लघवीत वाहून जातं. विसाव्या आठवड्यानंतर लघवीतलं सोडियम लिटरमागे १०० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली, क्लोराइड ९० च्या खाली, कॅल्शियम डेसिलिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या खाली, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे लहान प्रथिन लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर चित्र बरं मानतात. एका आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्यात आकडे खाली येत असतील तर किडनीत अजून दम आहे.

सोडियम, क्लोराइड कुठलीही चांगली लॅब मोजते, त्यासाठी नाशिक सोडायची गरज नाही. कठीण आहे ते सुई घालणं आणि आलेला आकडा वाचणं. आणि हे आकडे वाटतात तितके निर्णायक नाहीत. २००७ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा लघवीतला एकही घटक एकट्याच्या बळावर पुढची किडनी कशी राहील हे पुरेशा खात्रीने सांगू शकत नाही, असंच निघालं. आजचा चांगला आकडा सहा आठवड्यांनी टिकेल याची हमी नसते, कारण अडथळा तसाच असतो आणि किडनीचं बांधकाम चालूच असतं. मी हे आकडे वापरते ते सोनोग्राफीला जोड म्हणून. दोन्ही एकच सांगत असतील तर सल्ला देताना माझा हात थरथरत नाही. दोन्ही वेगळं सांगत असतील तर मी पाण्यावर विश्वास ठेवते.

बाळाच्या नाळेतून रक्त घेऊन बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किंवा सिस्टॅटिन सी बघण्याचाही मार्ग आहे. क्रिएटिनिन वारेतून सहज पलीकडे जातं, तशी ही प्रथिनं जात नाहीत, त्यामुळे बाळाच्या रक्तात ती वाढली तर किडनीची गाळणी कमी चालते आहे असा अर्थ निघतो. तत्त्व सुंदर आहे, पण नाळेतून रक्त घेण्यात बाळाच्या जिवाला असलेला धोका साध्या गर्भजल तपासणीपेक्षा जास्त. म्हणून मी त्या वाटेला क्वचितच जाते.

तुमच्या मिस्टरांनी वाचलं ते बहुधा फ्रान्समधल्या संशोधकांचं काम असावं. २०१३ मध्ये त्यांनी मूत्रमार्गात अडथळा असलेल्या गर्भांच्या लघवीतले १२ पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, निवडले. त्यांच्या एकत्रित नमुन्यावरून कोणत्या बाळाची किडनी वयाच्या दोन वर्षांच्या आत निकामी होईल हे ते ८८ टक्के संवेदनशीलतेने (निकामी होणाऱ्या शंभरांतली ८८ ओळखून) आणि ९५ टक्के विशिष्टतेने (निकामी न होणाऱ्या शंभरांतली ९५ बरोबर वगळून) सांगू शकले. जुन्या सोडियम-क्लोराइडपेक्षा हे कितीतरी सरस होतं. पुढे २०२१ मध्ये दोन्ही किडन्यांत दोष असलेल्या गर्भांच्या गर्भजलातले ९८ पेप्टाइड घेऊन असाच अंदाज बांधता येतो, हे दाखवलं गेलं. त्यात थायमोसिन बीटा-४ या प्रथिनाचे तुकडे ठळक होते. गर्भजल मिळवणं बाळाच्या मूत्राशयात सुई घालण्यापेक्षा सोपं, म्हणून मला या कामाकडून मनापासून आशा आहे.

पण ताई, हे मोजायला मास स्पेक्ट्रोमेट्रीची खास यंत्रणा लागते आणि ही चाचणी रोजच्या वापरात आलेली नाही. कुणी ‘किडनी बायोमार्कर पॅकेज’ म्हणून काही विकत असेल तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: नेमकं काय मोजणार, आणि उत्तर वाईट आलं तर पुढे वेगळं काय करणार? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती चाचणी करू नका. शिवाय ते अभ्यास झाले ते गंभीर आजारी गर्भांवर. पाणी पुरेसं आणि कॉर्टेक्स सामान्य असलेल्या तुमच्या बाळासारख्या गर्भावर तोच निकष लावला तर उत्तराचा अर्थ कसा लावायचा, हेच ठरलेलं नाही.

पोटातल्या उपचारांबद्दलही थोडं सांगते. मूत्राशयातून गर्भजलात नळी बसवण्याचा उपाय आहे. त्यावरचा ‘प्लूटो’ नावाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३१ गरोदर महिलांनंतर तो थांबवावा लागला. नळी बसवलेल्या गटात जास्त बाळं जगल्याचं दिसलं, पण दोन वर्षांनी किडनी सामान्य असलेली मुलं दोनच होती. दोन्ही किडन्या नसलेल्या बाळांना गर्भाशयात वारंवार द्रव घालून फुफ्फुसं वाढवण्याचा अमेरिकेतला प्रयत्न २०२३ मध्ये समोर आला: जिवंत जन्मलेल्या १७ बाळांपैकी १४ पहिले दोन आठवडे तगली, घरी जाऊ शकली ती ६. हे आकडे मी लपवत नाही, कारण ‘मुंबईला नेलं की पोटातच ऑपरेशन करून बरं करतात’ या आशेवर लोक जमीन गहाण टाकतात.

जनुकीय तपासणीचा विचार मी तेव्हा करते, जेव्हा किडन्या मोठ्या आणि पांढरट दिसतात, इतर अवयवांतही दोष असतो, किंवा आधीच्या बाळाला असंच झालेलं असतं. दोन्ही आईवडील वाहक असतील तर काही किडनीविकार दर गरोदरपणात चारात एक या प्रमाणात येऊ शकतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत अनेक घरांत आहे. तुमचं लग्न नात्यातलं असेल तर डॉक्टरांना संकोच न करता सांगा. तसंच तुम्हा दोघांच्या किडन्यांची एक साधी सोनोग्राफी करून घ्या. स्वस्त आहे, आणि कधीकधी त्यातूनच उत्तर सापडतं.

आता घरातल्या बोलण्याबद्दल. या रिपोर्टवर गर्भ न ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार बाळात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत, आणि त्यानंतरही सरकारी वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. म्हणजे ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ अशी घाई कुणी करत असेल तर ती घाई कायद्याने लादलेली नाही. तरीही मनाच्या शांतीसाठी पुढचा स्कॅन २४ आठवड्यांच्या आत, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी करा, आणि तो गर्भवैद्यकातल्या व्यक्तीकडून करून घ्या. त्यानंतर महिन्याला एक पुरेल. सासूबाईंना त्या भेटीला बरोबर आणा. पडद्यावर मूत्राशय भरताना आणि रिकामं होताना एकदा त्यांनी बघितलं की माझ्या दहा वाक्यांचं काम होतं.

सूज वाढली तरी ‘बाळ लवकर काढू’ या सल्ल्याला पटकन हो म्हणू नका. किडनीतल्या गाळण्या, ज्या प्रत्येक किडनीत सरासरी १० लाखांच्या आसपास असतात, त्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत तयार होत राहतात. निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत घडतात. नंतर नवीन तयार होत नाहीत. पाणी चांगलं असेल तर बाळाला पूर्ण दिवस पोटात राहू द्या. या सुजेसाठी सिझेरियनही लागत नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून तुम्ही सातव्या महिन्यात माहेरी जाणार असाल. माहेर कळवण-सुरगाण्याकडे असेल तर माझी विनंती आहे की प्रसूती मात्र नाशिकला, नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक जिथे आहेत तिथे ठरवा. सगळ्या सोनोग्राफींची एक फाइल करा आणि ती आईच्या कपाटात न राहता तुमच्या पिशवीत राहू द्या. सातवा महिना लागायच्या आत बालमूत्रपिंडविकारतज्ज्ञांना एकदा भेटून घ्या. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

जन्मानंतर पहिल्या दिवशी सोनोग्राफी करून ‘सूज गेली’ म्हणत घरी जाऊ नका. पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि सूज कमी दिसते. तपासणी ४८ तासांनंतर, पहिल्या आठवड्यात हवी, आणि ती चांगली आली तरी ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा. मूत्राशयाच्या अडथळ्याची शंका असेल तरच थांबायचं नाही. क्रिएटिनिनही पहिल्या दिवशीचं धरू नका, ते तुमचंच असतं. काही दिवसांनी करा आणि ते उतरतंय का बघा. बाळाला ताप आला, दूध तोडलं, किंवा लघवी थेंबथेंब होत असेल तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. पुढे लागलीच तर डीटीपीए, डीएमएसए (किडनीचे स्कॅन) किंवा एमसीयू (मूत्राशय व मूत्रमार्गाचा एक्स-रे) या तपासण्या तुमचे डॉक्टर सांगतील. त्या प्रत्येक बाळाला लागत नाहीत.

दोन आठवड्यांनंतरचा स्कॅन झाला की मला एवढं कळवा: पाण्याची सगळ्यात खोल जागा किती सेंमी, दोन्ही बाजूंचे नवे आकडे, आणि मूत्रवाहिन्या व कॉर्टेक्सबद्दल काय लिहिलं आहे. त्यावरून पुढचं ठरवू.